कोंबडीचं अंग गरम लागतं, म्हणजे ताप नव्हे

पंखाखाली हात घातला, अंग गरम लागलं की सोलापुरात निदान ठरलेलं: कोंबडीला ताप आलाय! मग माणसाची अर्धी गोळी पाण्यात विरघळवून चोचीत ओततात. मीही ओतलीय.

धडधाकट कोंबडीचं तापमानच ४१-४२ अंश सेल्सिअस असतं. आपला हात ३७ च्या आतबाहेरचा, त्याला ती कायम गरमच लागणार. कोंबडीला घाम येत नाही. मे महिन्यात ती चोच उघडून, पंख फाकवून धापा टाकते तो बहुधा उन्हाचा त्रास. सावली, ओलं गोणपाट, गार पाणी द्या.

हात लावायचाच तर पहाटे, चारा टाकण्याआधी, गळ्याखालच्या चाऱ्याच्या पिशवीला लावा. रात्रीतून ती रिकामी व्हायला हवी. दगडासारखी घट्ट असेल तर चारा अडकलाय. तुरा फिका पडलाय का, छातीचं हाड टोचतंय का, तेही बघा.

आजारी कोंबडी वेगळी ठेवा. पाणी चोचीत ओतू नका. जिभेमागेच श्वासनळीचं तोंड असतं, ठसका लागून मरते. चोचीच्या कडेला थेंब लावा, ती स्वतः गिळते.

हिरवी शीट, मान पिळवटलेली दिसली तर मानमोडीचा, म्हणजे राणीखेत रोगाचा संशय धरा. तो विषाणूचा रोग, त्यावर औषध नाही, लस आधीच द्यावी लागते. लगेच जनावरांच्या दवाखान्यात कळवा.