बटण दाबलं, पण चित्र का बदललं नाही?

टीव्ही वाहिनीच्या एमसीआरमध्ये, म्हणजे मास्टर कंट्रोल रूममध्ये, बटणांची लांबट पट्टी दिसते, ते व्हिडिओ राउटरचं पॅनेल. कुठलं चित्र कुठे जायचं, ते हा राउटर जोडून देतो. घरच्या वायफाय राउटरशी त्याचं नातं नावापुरतंच. इथे एक इनपुट हवं तितक्या आउटपुटना देता येतं, पण एका आउटपुटवर एका वेळी एकच इनपुट जातं. म्हणून आधी डेस्टिनेशन निवडायचं, म्हणजे चित्र कुठे हवं ते, आणि मग सोर्स. घाईत पहिली पायरी राहिली, तर सोर्स आधीच्या माणसाने निवडून ठेवलेल्या डेस्टिनेशनवर जातो. ती ट्रान्समिशनची लाइन असेल, तर घोटाळा थेट प्रेक्षकांच्या घरात!

यासाठीच ‘टेक’ बटण असतं. टेक मोडमध्ये निवडलेल्या सोर्सचं बटण सहसा लुकलुकत राहतं आणि टेक दाबेपर्यंत काहीच बदलत नाही. मॉनिटरसाठी ही जास्तीची पायरी कटकटीची वाटते. ऑन-एअर लाइनसाठी मात्र ती हवीच.

बटण दाबणं ही राउटरला केलेली फक्त विनंती असते. पॅनेल ती कंट्रोलरकडे पाठवतं, कंट्रोलर लॉक आणि परवानग्या तपासतो, मग राउटर योग्य क्षणाची वाट पाहतो. हा क्षण दोन चित्रांमधल्या न दिसणाऱ्या ओळींत ठरलेला आहे: ६२५ ओळींच्या एसडीमध्ये ६ आणि ३१९, तर १०८०च्या इंटरलेस्ड (एकाआड एक ओळी दोन फेऱ्यांत दाखवणाऱ्या) एचडीमध्ये ७ आणि ५६९. आपल्याकडच्या २५ फ्रेमच्या पद्धतीत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, त्यामुळे ही वाट हाताला जाणवत नाही. राउटरला रेफरन्स सिग्नल (सगळ्या उपकरणांना एकाच तालात ठेवणारा सिग्नल) नसेल, किंवा सोर्स त्याच्याशी जुळवलेला नसेल, तर बदलताना चित्राला झटका बसतो.

नीट बांधलेल्या पॅनेलवर बटणाचा दिवा राउटरचं उत्तर आल्यावरच लागतो. बोट लागलं म्हणून नाही. त्यामुळे बिघाड शोधताना आधी दिवा पाहावा. दिवा जुन्याच सोर्सवर राहिला, तर बहुधा डेस्टिनेशन लॉक आहे किंवा या पॅनेलला परवानगी नाही. दिवा नव्या सोर्सवर आला आणि पडदा काळाच, तर राउटरने त्याचं काम केलंय. सोर्स आणि केबल तपासा. बरेच राउटर इनपुटवर सिग्नल आहे की नाही हे बटणावर दाखवतच नाहीत. कुठल्याही सोर्सचा दिवा लागत नसेल, तर चालू असलेल्या सोर्सला या पॅनेलवर बटणच दिलेलं नसेल, किंवा ब्रेकअवे झालेला असेल, म्हणजे चित्र एका सोर्सचं आणि आवाज दुसऱ्याचं.

ब्रेकअवे नवख्यांना हमखास चकवतो. व्हिडिओ, ऑडिओ, टाइमकोड अशा वेगवेगळ्या लेव्हल असलेल्या राउटरवर कुणी फक्त ऑडिओ लेव्हल निवडून ठेवली, तर पुढच्या माणसाने सोर्स दाबल्यावर आवाज बदलतो, चित्र जागचं हलत नाही. सगळ्या लेव्हल पुन्हा निवडून सोर्स दाबला की काम होतं. एसडीआय (डिजिटल व्हिडिओ नेणाऱ्या) केबलमध्येच आवाज गुंफलेला असेल आणि राउटर फक्त एसडीआयच फिरवत असेल, तर हा प्रश्न येत नाही.

लॉक आणि प्रोटेक्ट यांतही गल्लत होते. बऱ्याच यंत्रणांत प्रोटेक्ट केलेलं डेस्टिनेशन फक्त ते करणाऱ्या पॅनेललाच बदलता येतं. लॉक केलेलं त्यालाही नाही, आधी लॉक काढावं लागतं. ब्लॅकमॅजिक कंपनीच्या व्हिडिओहब राउटरमध्ये लॉकची मालकी आयपी पत्त्यावरून ओळखली जाते. नेटवर्कवरून त्याच्याशी बोलण्याच्या टीसीपी पोर्ट ९९९० वर ‘ओ’ म्हणजे आपलं लॉक, ‘एल’ दुसऱ्याचं, ‘यू’ मोकळं. तिथली मोजणी शून्यापासून आहे, त्यामुळे स्वतःचं सॉफ्टवेअर जोडणाऱ्याने इनपुट ६ साठी ५ पाठवायचं; नाहीतर दर वेळी शेजारचा कॅमेरा लागतो.