आवरणयुक्त नॅनोकण (जीवाणुसंसर्गावरील वापर)

पृष्ठभागावर मुद्दाम दुसऱ्या पदार्थाचा थर चढवलेले, साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण. गाभा चांदी, झिंक ऑक्साइड, सोने किंवा पॉलिमरचा असतो. चर्चा गाभ्याचीच जास्त होते. पण कण जीवाणूपर्यंत पोहोचेल की वाटेतच गाळ होऊन बसेल, हे बरेचसे आवरण ठरवते.

सर्वाधिक अभ्यास चांदीचा झाला आहे. तिच्या कणांचा मारा मुख्यतः त्यांतून सुटणाऱ्या आयनांचा (विद्युतभारित अणूंचा) असतो. हे आयन प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना चिकटतात, त्यामुळे विकरे (एन्झाइम) निकामी होतात आणि पेशीपटल गळू लागते. आयन सुटण्यासाठी ऑक्सिजन लागतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ऑक्सिजनविरहित वातावरणात कणांचा ई. कोलाय या जीवाणूवर परिणाम दिसला नाही. म्हणूनच आवरण म्हणून चढवलेला सिलिकाचा थर फार जाड आणि घट्ट झाला, तर कण टिकतो खरा, पण मारक राहत नाही.

प्रयोगशाळेतील एक रुळलेली कृती अशी : २ मिलिमोलर सोडियम बोरोहायड्राइडचे ३० मिलि ताजे द्रावण बर्फात थंड करून ढवळत ठेवतात. त्यात १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटचे १० मिलि द्रावण सेकंदाला सुमारे एक थेंब या गतीने सोडतात. द्रावण स्वच्छ पिवळे होते आणि सुमारे ४०० नॅनोमीटरला प्रकाश शोषते. शेवटचा थेंब पडताच ढवळणे थांबवावे. पुढे ढवळत राहिल्यास कण एकमेकांना चिकटतात, रंग गडद होत राखाडी होतो आणि तळाशी गाळ बसतो. आवरण म्हणून पीव्हीपी (पाण्यात विरघळणारे एक पॉलिमर) घातले की हे टळते. पारख सोपी आहे : थोड्या नमुन्यात मिठाचे पाणी टाकावे. आवरण नसलेल्या नमुन्याचा पिवळा रंग जातो, नीट आवरण चढलेल्याचा टिकतो.

कायटोसान या कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या पॉलिमरचे आवरण धनभारित असते, त्यामुळे ऋणभारित जीवाणूंकडे ते ओढले जाते. ते १ टक्का ॲसेटिक आम्लात विरघळवतात. सायट्रेटचे (ऋणभारित) आवरण असलेले कण त्यात ओतावेत, उलट करू नये. कायटोसान कमी पडले, तर एकच साखळी अनेक कणांना बांधते आणि सगळेच साकळते. सामू (पीएच) साडेसहाच्या वर गेला की त्याचा भार ओसरतो. रक्ताचा सामू ७.४ असल्याने नुसते कायटोसान तिथे फारसे चालत नाही. शिवाय रक्तात कोणत्याही कणावर प्रथिनांचा थर बसतो. पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) या पॉलिमरच्या आवरणाने तो कमी होतो, पण जीवाणूला चिकटणेही त्याबरोबर कमी होते.

वेगळाच मार्ग तांबड्या रक्तपेशींच्या पटलाचे आवरण देण्याचा. पेशी कमी क्षारांच्या पाण्यात फोडून रिकामे पटल पॉलिमरच्या कणांसह सूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून दाबून काढतात. असे कण जीवाणू मारत नाहीत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूचे अल्फा-विष स्वतःवर शोषून घेतात. २०१३ मध्ये उंदरांवर हे दाखवण्यात आले.

चाचणीत फसगत ठरलेली. अगार या जेलीसारख्या माध्यमावर ठेवलेल्या चकतीभोवतीचे जीवाणू न वाढलेले रिंगण लहान दिसते, कारण कण अगारमधून नीट पसरत नाहीत. द्रव माध्यमात कणांचाच गढूळपणा जीवाणूंची वाढ म्हणून मोजला जातो. त्यामुळे नमुना प्लेटवर पसरून वसाहती मोजाव्यात. नुसते आवरण, नुसते चांदीचे आयन आणि कण काढून टाकलेले वरचे पाणी, या तिन्हींची वेगळी चाचणी नसेल तर निष्कर्षाला फारसा अर्थ उरत नाही.

प्रतिकारही होतो. वारंवार संपर्कानंतर ई. कोलायने फ्लॅजेलिन हे प्रथिन सोडून चांदीचे कण साकळवल्याचे २०१८ मध्ये दिसले. तिथे आवरण बदलूनही भागले नाही.

प्रत्यक्ष उपचारात नॅनोचांदी जास्त करून भाजलेल्या व चिघळलेल्या जखमांच्या ड्रेसिंगमध्ये वापरली जाते. नॅनोस्फटिकी चांदीचे ड्रेसिंग निर्जंतुक पाण्याने भिजवतात, सलाईनने नाही : क्लोराइडमुळे आयन सिल्व्हर क्लोराइड होऊन अडकतात.