लेकमान, येन्स

लेकमान, येन्स : (६ फेब्रुवारी १९८१ – ). इंग्रजीत गाणी लिहून स्वतःच गाणारा स्वीडिश कलावंत. जन्म स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोथेनबर्ग शहराच्या आंगेरेद या उपनगरात. (शहराचे नाव स्वीडिश माणूस ‘योतेबोरी’च्या जवळपास उच्चारतो, त्याच न्यायाने याचे नावही ‘जेन्स’ नव्हे, ‘येन्स’.) १९६५ ते १९७४ या दहा वर्षांत स्वीडिश सरकारने दहा लाख घरे बांधण्याची योजना राबवली. शहरांच्या कडेला एकसारख्या इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या, त्यांतली एक मोठी वसाहत म्हणजे आंगेरेद. स्वीडिश संगीत म्हटले की आपल्याकडे ‘आब्बा’ आठवतात, फार तर अमेरिकी तारेतारकांना हमखास चालणाऱ्या चाली पुरवणारे स्टॉकहोमचे स्टुडिओ. लेकमानचा त्या घराण्याशी संबंध नाही. त्याच्या गाण्यात ट्रामचा थांबा असतो, न्हाव्याची खुर्ची असते, स्वयंपाकघरातली सुरी असते.

२०००च्या सुमारास तो घरी गाणी ध्वनिमुद्रित करून सीडींवर उतरवी आणि ओळखीपाळखीच्यांत वाटी. त्यांपैकी एक गाणे रॉकी डेनिस या मुलाविषयी होते. चेहऱ्याची हाडे विद्रूप करणाऱ्या दुर्मीळ आजाराने ग्रासलेल्या या अमेरिकी मुलावर १९८५ मध्ये चित्रपट निघाला होता. गाणे लोकांपर्यंत पोचले, पण गायकाचेच नाव रॉकी डेनिस आहे असा समज पसरला, आणि तो पुसायला पुढे ‘रॉकी डेनिस इन हेवन’ (२००४) या छोटेखानी संचाने रॉकीला स्वर्गात धाडावे लागले. तोवर लेकमानला दोन प्रकाशक मिळाले होते : गोथेनबर्गमधली ‘सर्व्हिस’ आणि अमेरिकेतली ‘सीक्रेटली कॅनेडियन’. या दुसरीच्या नावात कॅनडा असला, तरी ती इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टन गावची. दोन्ही तेव्हा लहान आणि स्वतंत्र. अमेरिकी कंपनीशी जुळलेले नाते २०२५ पर्यंत टिकून आहे.

पहिला अल्बम ‘व्हेन आय सेड आय वॉन्टेड टू बी युअर डॉग’ २००४ मध्ये आला. त्यात एक गाणे जून २००१च्या गोथेनबर्ग दंगलीवर आहे. युरोपीय संघाची शिखर परिषद आणि अमेरिकी अध्यक्ष बुश यांची भेट एकाच वेळी आल्याने निदर्शक व पोलीस यांच्यात तेव्हा मोठ्या चकमकी झाल्या होत्या. दुसरा कोणी असता तर निषेधगीत लिहिले असते. लेकमानने त्या धुमश्चक्रीत एका जोडप्याचे नाते तुटताना दाखवले आणि ते जवळजवळ वाद्यांवाचून गायले. इतिहास मागे, भांडण पुढे, अशी त्याची पद्धत तेव्हापासूनच ठरली.

ती सर्वांत फुललेली दिसते ‘नाइट फॉल्स ओव्हर कोर्तेदाला’ (२००७) या अल्बममध्ये. कोर्तेदाला हेही गोथेनबर्गचेच उपनगर, १९५०च्या दशकात वसलेले. स्वीडनच्या अल्बम-यादीत हा संच पहिल्या क्रमांकावर गेला. यातल्या एका गाण्यात नायक अवोकाडो चिरत असतो, प्रेयसी मागून येऊन मिठी मारते आणि बोट कापून प्रकरण इस्पितळात जाते. ‘शिरीन’ हे गाणे राहत्या घरात सलून चालवणाऱ्या बाईविषयी आहे. सरकारला कळले तर तिचे काय होईल, ही ग्राहकाची काळजी. ‘अ पोस्टकार्ड टू नीना’मध्ये मैत्रिणीचे स्त्रीवर प्रेम आहे, हे वडिलांना कळू नये म्हणून नायक बर्लिनमध्ये तिचा वाग्दत्त वर होऊन जेवायला बसतो. वडील या भावी जावयाच्या इतके प्रेमात पडतात की नंतर त्याला ईमेल पाठवत राहतात. ऐकताना हसू येते, आणि मग त्या बापाची दया येते. विनोदाच्या आडून करुणा आणण्याची ही हातोटी त्याच्या पिढीतल्या इंग्रजी गीतकारांतही विरळा आहे.

इंग्रजी ही त्याची शिकलेली भाषा, आणि त्याचा फायदा तो उठवतो. ‘मेपल लीव्ह्ज’ (२००३) या सुरुवातीच्या गाण्यात प्रेयसी म्हणते, सगळे ‘मेक बिलीव्ह’ होते, म्हणजे नुसते सोंग. नायकाच्या कानी पडतात ‘मेपल लीव्ह्ज’, मेपलची पाने. परक्या भाषेत कान टवकारून वावरणाऱ्यालाच सुचावा असा हा श्लेष.

या गाण्यांचा साज मात्र बराचसा उसना होता. जुन्या तबकड्यांतले चारदोन सेकंदांचे तुकडे कापायचे, ते पुन्हा पुन्हा फिरवायचे आणि वर स्वतःची चाल बसवायची, या तंत्राला ‘सँपलिंग’ म्हणतात. ‘ब्लॅक कॅब’ या गाण्यात १९६०च्या दशकातल्या ‘लेफ्ट बँक’ या न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदाचा तुकडा आहे, तसाच स्कॉटलंडच्या ‘बेल अँड सबॅस्टियन’चाही. असा तुकडा वापरायला कायद्याने दोन परवानग्या लागतात : एक मूळ ध्वनिमुद्रणाच्या मालकाची, दुसरी रचनेच्या हक्कदाराची. घरी बनवून मित्रांत वाटलेल्या सीडीला हे कोणी विचारत नाही. गाणे जगभर विकले जाऊ लागले की विचारतात. सुरुवातीच्या गाण्यांचा संग्रह ‘ओ यू आर सो सायलेंट येन्स’ (२००५) यामुळे २०११ पासून बाजारात मिळेनासा झाला, आणि २०२२ मध्ये ‘नाइट फॉल्स ओव्हर कोर्तेदाला’ही मागे घेतला गेला. ज्या दोन संचांवर त्याचे नाव उभे होते, नेमके तेच गेले.

त्याच वर्षी दोहोंच्या जागी त्याने ‘द चेरी ट्रीज आर स्टिल इन ब्लॉसम’ आणि ‘द लिंडन ट्रीज आर स्टिल इन ब्लॉसम’ हे संच आणले. काही गाणी जुनीच राहिली, काही नव्याने गायली-वाजवली. विशीत गायलेले गाणे चाळिशीत पुन्हा गाताना आवाज बदललेला असतो. तो लपवण्याचा खटाटोप त्याने केलेला नाही. दुसऱ्या संचाच्या शीर्षकगीतात नीनाला नवे पत्रही आहे, पंधरा वर्षांनंतरचे. मूळ आवृत्त्यांचे चाहते हळहळले, पण हे नवे पत्र त्या नुकसानीतूनच आले.

मधल्या काळात तो काही वर्षे ऑस्ट्रेलियात मेलबर्नला राहिला. ‘ॲन आर्ग्युमेंट विथ मायसेल्फ’ (२०११) या छोट्या संचात अभिनेत्री कर्स्टन डन्स्ट गोथेनबर्गला आली असता तिची वाट पाहत ताटकळल्याचा किस्सा आहे. ‘आय नो व्हॉट लव्ह इजन्ट’ (२०१२) प्रेमभंगातून लिहिलेला. व्हायोलिनांचा झगमगाट गेला, वाद्ये मोजकी झाली. नागरिकत्वासाठी लग्न करावे का, अशी चर्चा शीर्षकगीतात रंगते. हा अल्बम एकसुरी वाटतो, पण उदास माणूस दुसरे काय गाणार.

नंतर अल्बम हे माध्यमच त्याला अपुरे पडू लागलेले दिसते. २०१५ मध्ये त्याने ‘पोस्टकार्ड्स’ या नावाखाली दर आठवड्याला एक गाणे लिहून इंटरनेटवर ठेवले, वर्षभरात ५२. ‘घोस्टरायटिंग’ या प्रकल्पात गोथेनबर्गमध्ये आणि अमेरिकेतल्या सिनसिनाटीत अनोळखी माणसांना समोर बसवून त्यांच्या गोष्टी ऐकल्या आणि त्यांची गाणी केली. गीतकाराचा हा एक प्रकारचा लेखनिकाचा धंदाच, पोस्टाबाहेर बसून दुसऱ्याचे पत्र लिहून देणाऱ्यासारखा. २०१८ मध्ये स्वीडिश गायिका-लेखिका आनिका नोर्लिन हिच्याशी गाण्यांतून पत्रव्यवहार झाला : एका महिन्यात त्याचे गाणे, पुढच्या महिन्यात तिचे उत्तर, असे वर्षभर. १२ गाण्यांचा तो संच ‘कॉरस्पाँडन्स’ या नावाने प्रसिद्ध झाला. दरम्यान ‘लाइफ विल सी यू नाउ’ (२०१७) हा नाचायला लावणारा अल्बम आला. त्यातल्या एका गाण्यातला मित्र स्वतःच्या शरीरातून काढलेल्या गाठीची त्रिमितीय छापील प्रतिकृती खिशात घेऊन फिरतो.

पहिल्याच अल्बमात एक गाणे असे होते की तुमच्या लग्नात गायला कोणी परका माणूस हवा असेल, तर मला बोलवा. लोकांनी ते शब्दशः घेतले. चाहत्यांची आमंत्रणे येऊ लागली आणि लेकमान खरोखरच जाऊन गाऊ लागला. कोणाची ओळख ना देख, तरी मांडवात गाणारा. या वीस वर्षांच्या अनुभवावर अमेरिकी कादंबरीकार डेव्हिड लेव्हिथन याच्यासोबत त्याने ‘साँग्ज फॉर अदर पीपल्स वेडिंग्ज’ ही कादंबरी केली. ती २०२५ मध्ये निघाली आणि त्याच नावाचा अल्बमही. तिचा नायक ‘जे’ लग्नांत गाऊन पोट भरतो, जोडप्यांशी आधी गप्पा मारून प्रत्येकासाठी नवे गाणे रचतो. त्याची स्वतःची प्रेयसी मात्र न्यूयॉर्कला निघून गेलेली असते.