मृदू इलेक्ट्रॉनिकी आणि जैवअभियांत्रिकी : संशोधनजीवन व मान्यता

शरीरातील ऊतकांप्रमाणे वाकणाऱ्या, ताणल्या जाणाऱ्या व पूर्ववत होणाऱ्या इलेक्ट्रॉनीय साधनांच्या अभ्यासास मृदू इलेक्ट्रॉनिकी म्हणतात. त्वचा, मेंदू, मज्जारज्जू व हृदय यांच्याशी दीर्घकाळ संपर्कात राहतील अशी संवेदके आणि विद्युत् अग्रे (इलेक्ट्रोड) तयार करणे हे तिचे मुख्य उद्दिष्ट आहे. त्यामुळे ती पदार्थविज्ञानाइतकीच जैवअभियांत्रिकीचीही शाखा मानली जाते. प्रस्तुत नोंदीत या शाखेतील संशोधकांच्या कामाची घडण आणि त्यांच्या कार्याला मिळणारी मान्यता यांचा विचार केला आहे.

या शाखेची सारी अडचण एका विषमतेत आहे. सिलिकॉनचा यंग गुणांक (ताठपणाचे माप) सुमारे १३० ते १९० गिगापास्कल असतो, तर मेंदूच्या ऊतकाचा जेमतेम काही किलोपास्कल. दोहोंत कित्येक कोटी पटींचे अंतर आहे. हे अंतर कमी करण्याचे दोन मार्ग आहेत : पदार्थच मऊ निवडणे, किंवा कठीण पदार्थ अतिशय पातळ करून त्याला योग्य आकार देणे. वाकण्यास होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात असल्याने जाडी दहापट कमी केली, की हा विरोध हजारपट घटतो. पहिला मार्ग रसायनज्ञांचा, तर दुसरा यामिकी (बले व त्यांच्या परिणामांचे शास्त्र) जाणणाऱ्यांचा. श्रेय कोणाचे, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

शाखेचा आरंभ कोठे धरावा याबाबत एकमत नाही. काही अभ्यासक तो १९६० च्या दशकापर्यंत मागे नेतात. १९६७ मध्ये सिलिकॉनचे सौर घट सुमारे १०० मायक्रोमीटर जाडीचे करून प्लॅस्टिकवर बसविण्यात आले आणि १९६८ च्या सुमारास टेल्यूरियमचा पातळ पटल ट्रँझिस्टर कागदाच्या पट्टीवर बनविला गेला. मात्र ही साधने वाकत होती, ताणली जात नव्हती. दुसऱ्या मताप्रमाणे १९७७ मध्ये शिराकावा, मॅक्डायर्मिड व हीगर यांनी संवाहक बहुवारिकांवर (वीज वाहून नेणाऱ्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थांवर) प्रसिद्ध केलेले काम (नोबेल पारितोषिक, रसायनशास्त्र, २०००) हाच पाया होय. हे मत रसायनशास्त्रज्ञांत अधिक आढळते.

ताणले जाणे हीच कसोटी लावल्यास चर्चा १९९८ ते २००६ या काळापुरती राहते. १९९८ मध्ये हार्व्हर्ड विद्यापीठातील जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने गरम सिलिकोन रबरावर धातूचे पातळ पटल बसविले. रबर थंड होऊन आकसताच त्या पटलावर २० ते ५० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या नियमित लहरी उमटल्या. या कामाचा भर लहरींच्या रचनेवर होता, विद्युत् मंडलावर नव्हता. २००३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील स्टेफानी लाकूर, सिगर्ड वॅग्नर व सहकाऱ्यांनी दाखविले, की रबरावरील सोन्याचे पटल सुमारे २२ टक्के ताणले तरी विद्युत् प्रवाह वाहून नेते. आधाराशिवाय असलेले असे पटल एखाद-दुसऱ्या टक्क्यालाच तुटते. सूक्ष्मदर्शकाखाली याचे कारण दिसले : पटलावर तीन फाट्यांच्या अतिसूक्ष्म भेगांचे जाळे असते. ताण दिला की भेगा उघडतात, त्यांमधील सोन्याचे अरुंद दुवे पृष्ठभागाबाहेर पिळले जातात आणि धातू प्रत्यक्षात फारसा ताणलाच जात नाही. एरवी दोष समजली जाणारी भेग येथे उपकारक ठरली, ही या क्षेत्रातील अत्यंत सुंदर उकल आहे. २००६ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील जॉन रॉजर्स व यामिकीतज्ज्ञ योंगगांग ह्वांग यांच्या गटांनी ताणून धरलेल्या रबरावर एकस्फटिकी सिलिकॉनच्या पट्ट्या चिकटविल्या आणि रबर सैल सोडले. पट्ट्यांना पन्हाळी पत्र्यासारखा आकार आला व त्या तुटल्याशिवाय लांब-आखूड होऊ लागल्या. २००६ हे आरंभवर्ष मानण्याचा प्रघात आहे. तथापि ताणाखाली संवहन टिकते का, हा प्रश्न मध्यवर्ती ठेवणारे २००३ चे काम संवाहकांपुरते तरी आधीचे ठरते, याकडे दुर्लक्ष होऊ नये. जपानमध्ये ताकाओ सोमेया यांच्या गटाने सेंद्रिय ट्रँझिस्टरांच्या आधारे कृत्रिम त्वचेसाठी बनविलेले दाबसंवेदकांचे जाळेही २००४ मधील आहे.

या क्षेत्रातील एका शोधनिबंधामागे सहसा अनेक विभाग असतात : पातळ पटले बनविणारे, गणिती प्रतिकृती मांडणारे, संकेतांचे विश्लेषण करणारे, प्राण्यांवरील प्रयोग करणारे आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. साधन स्वच्छ कक्षात तयार होते, त्याची परीक्षा मात्र ओल्या, खाऱ्या, सतत हलणाऱ्या शरीरात होते. त्यामुळे पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला दोन्हीकडची शिस्त अंगी बाणवावी लागते. नैतिक समितीची परवानगी, रोपणानंतरचे निरीक्षण यांत वेळ जातो. शुद्ध पदार्थविज्ञानातील सहाध्यायी तेवढ्यात पुढचा निबंध पाठवून मोकळा होतो.

लेखकनामांच्या क्रमाला येथे मोठे महत्त्व आहे. पहिले नाव प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचे व शेवटचे गटप्रमुखाचे, असा संकेत आहे. अनेकांचे काम तुल्यबल असल्यास पहिल्या काही नावांवर खूण करून समान वाटा नोंदवितात. २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला त्वचेवर चिकटणाऱ्या इलेक्ट्रॉनिकीवरील निबंध नमुन्यादाखल पाहण्याजोगा आहे. त्यातील साधन वेगळा गोंद न लावता केवळ व्हॅन डर वाल्स बलांनी (रेणूंमधील क्षीण आकर्षणाने) त्वचेला धरून राहत होते. लेखकांच्या लांब यादीतील आरंभीच्या नावांपैकी डे-ह्यॉंग किम यांनी पुढे सोल येथे, तर नान्शू लू यांनी टेक्सस विद्यापीठात (ऑस्टिन) स्वतंत्र गट उभारले. लाकूर यांनी लोझान (स्वित्झर्लंड) येथे मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाइतके मऊ रोपण विकसित केले (२०१५). शाखेचा प्रसार असा माणसांच्या स्थलांतरातून झालेला दिसतो.

औपचारिक मान्यता मुख्यतः अकादम्यांचे सदस्यत्व, अधिछात्रपदे (फेलोशिप) व पारितोषिके यांतून मिळते. १९९१ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल अँड बायोलॉजिकल इंजिनिअरिंग ही संस्था क्षेत्रातील वरच्या दोन टक्क्यांत गणल्या जाणाऱ्यांना अधिछात्र म्हणून निवडते. रॉजर्स यांना मॅकआर्थर अधिछात्रवृत्ती (२००९) व लेमेलसन-एमआयटी पारितोषिक (२०११) मिळाले. अमेरिकेच्या अभियांत्रिकी, विज्ञान व वैद्यक या तिन्ही राष्ट्रीय अकादम्यांनी त्यांना अनुक्रमे २०११, २०१५ व २०१९ मध्ये निवडले. स्टॅनफर्डच्या झेनान बाओ यांना २०१७ मध्ये लोरेआल-युनेस्को पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाचा मोठा भाग पहिल्या, म्हणजे मऊ पदार्थांच्या मार्गाचा आहे.

जैवअभियांत्रिकीतील रस (Russ) पारितोषिक (पाच लाख डॉलर, २००१ पासून वर्षाआड) पाहिले, की मान्यतेला लागणारा काळ कळतो. पहिला मान हृदय-गतिनियामकासाठी अर्ल बॅकन व विल्सन ग्रेटबॅच यांना मिळाला. ग्रेटबॅच यांचे साधन १९६० मध्येच रुग्णाच्या शरीरात बसले होते. लेलँड क्लार्क यांची ग्लुकोजमापक विद्युत् अग्राची कल्पना १९६२ ची, सन्मान २००५ चा. कर्णशंकू रोपणाचे (ऐकू येण्यासाठी आतील कानात बसविण्याच्या साधनाचे) उदाहरण अधिक बोलके आहे. २०१३ चे वैद्यकीय संशोधनासाठीचे लास्कर पारितोषिक त्यासाठी ग्रेम क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर व ब्लेक विल्सन या तिघांना दिले गेले. २०१५ च्या रस पारितोषिकात याच तिघांसह एर्विन होखमायर व मायकेल मर्झेनिख हेही होते. एकाच साधनाचे श्रेय दोन वर्षांच्या अंतराने कोठे तिघांत, कोठे पाचांत वाटले गेले. मृदू इलेक्ट्रॉनिकीतील निबंधांवर लेखक याहून कितीतरी अधिक असतात, म्हणून मोजक्या व्यक्तींना निवडणारी पद्धत या शाखेला अपुरी पडते, असे मानण्यास जागा आहे.

संख्यात्मक मापनात २००५ मध्ये हर्श यांनी सुचविलेल्या एच-निर्देशांकाचा (किमान तितक्याच वेळा उद्धृत झालेल्या निबंधांच्या संख्येचा) उपयोग नेमणुकांत सर्रास होतो. नियतकालिकाच्या प्रभावांकावरून (त्यातील निबंधांच्या सरासरी उद्धरणांवरून) व्यक्तीचे मूल्यमापन करू नये, असे २०१२ मधील सान फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात म्हटले आहे. स्वच्छ कक्षातील तंत्रज्ञांची नावे बहुधा लेखकांच्या यादीत न येता आभारात येतात, त्यामुळे निबंधांवर आधारलेल्या अशा मापनात त्यांचे काम धरले जात नाही.