आतड्याच्या कॅन्सरमध्ये ईआर-पीआर टेस्ट का करत नाहीत?

घरात आधी कुणाला स्तनाचा कॅन्सर झालेला असला की तेव्हा ईआर-पीआर, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या रिसेप्टरची टेस्ट, केल्याचं सगळ्यांच्या लक्षात असतं. मग मोठ्या आतड्याच्या बायॉप्सीचा रिपोर्ट हातात आला की आमच्या लॅबच्या काउंटरवर विचारणा होते, "यात हार्मोनची टेस्ट राहिली का?" राहिलेली नाही. बहुतेक वेळा तिची गरजच नसते, आणि गरज नसलेल्या टेस्टचे पैसे आम्हाला घ्यायचे नाहीत.

हार्मोन रिसेप्टर हे पेशीतलं प्रथिन. इस्ट्रोजेनसारखं हार्मोन त्याला येऊन चिकटलं की पेशीला वाढीची किंवा थांबण्याची सूचना मिळते. स्तनाच्या बऱ्याच गाठी या सूचनेवरच वाढतात, म्हणून तिथे टॅमॉक्सिफेनसारखी गोळी चालते आणि ईआर-पीआर पाहूनच उपचार ठरतात.

आतड्याचं तसं नाही. इस्ट्रोजेन रिसेप्टर दोन प्रकारचे, अल्फा आणि बीटा. बीटा सापडला तो १९९६ मध्ये, स्वीडनमधल्या संशोधकांना. निरोगी आतड्याच्या अस्तरात मुख्यतः बीटा असतो आणि तो पेशींच्या वाढीला लगाम घालत असावा. कॅन्सरमध्ये तो कमी झालेला दिसतो. आपली नेहमीची ईआर टेस्ट मात्र अल्फा शोधते. आतड्याच्या कॅन्सरवर ती केली तर उत्तर जवळपास नेहमी 'निगेटिव्ह'. त्यावरून कुठलंही औषध ठरत नाही, घरचे मात्र तो शब्द वाचून हबकतात.

पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या घेतल्या तर हा कॅन्सर टळतो का, असंही विचारतात. अमेरिकेत १६ हजारांहून जास्त स्त्रियांवर झालेल्या चाचणीत इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांमध्ये आतड्याचे कॅन्सर कमी आढळले खरे, पण जे आढळले ते जास्त पसरलेले होते. शिवाय स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढल्याने ती चाचणी २००२ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. तेव्हा या कारणासाठी गोळ्या सुरू करू नका.

ईआर आम्ही करतो ते वेगळ्या शंकेपोटी. कधी सिग्मॉइड भागातली (मोठ्या आतड्याच्या शेवटाकडची) गाठ कॅन्सर नसून एन्डोमेट्रिऑसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी भलत्या जागी वाढलेल्या, निघते, तर कधी अंडाशयाचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर आतड्यापर्यंत आलेला असतो. एन्डोमेट्रिऑसिस असेल तर स्लाइडवर त्या ग्रंथींची केंद्रकं तपकिरी (म्हणजे ईआर पॉझिटिव्ह) दिसतात आणि शेजारच्या आतड्याच्या ग्रंथी निळ्याच राहतात. सोबत सीके७, सीके२० आणि सीडीएक्स२ ही प्रथिनं शोधणाऱ्या टेस्ट लावल्या की मूळ जागा बहुधा कळते.

खर्च करायचाच तर एमएमआरवर, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांच्या टेस्टवर करा. एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ ही चार प्रथिनं गाठीत शाबूत आहेत का, हे त्यात पाहतात. एखादं गायब असेल तर इम्युनोथेरपीचा (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या उपचाराचा) विचार होऊ शकतो. लिंच सिंड्रोम म्हणजे आनुवंशिक दोष असण्याचीही शक्यता असते. तो पुढच्या तपासणीत नक्की झाला तर भावंडांनी आणि मुलांनीही तपासून घ्यायला हवं. आजार पसरलेला असेल तर डॉक्टर केरास, एनरास आणि बीराफ या जनुकांची तपासणीही सांगतात.

यासाठी नवी बायॉप्सी सहसा लागत नाही, जुना पॅराफिन ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला बायॉप्सीचा तुकडा) चालतो. तो जिथे तपासणी झाली त्या लॅबकडून मागून घ्या; येताना ब्लॉक, मूळ रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणा. ऑपरेशननंतरचा नमुना स्वतः आणणार असाल तर तो फॉर्मॅलिनमध्येच हवा, सलाइनमध्ये नको. बरणीवर पेशंटचं नाव आहे ना, तेही हॉस्पिटलमधून निघण्याआधीच बघून घ्या.