उदास मन, ताकदीची गोळी आणि बी-१२

"मन लागंना कशात, कायतरी ताकदीचं द्या की." कोल्हापुरातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये असं गिऱ्हाईक येतं आणि मल्टिव्हिटॅमिनची पट्टी घेऊन जातं. अशा गोळीनं मनाला उभारी येऊ शकते, पण शरीरात त्या घटकाची खरोखर कमतरता असेल तरच.

बी-१२ जीवनसत्त्वाचं बघा. मज्जातंतूंवरचं आवरण टिकायला ते लागतं. कमी पडलं की हातापायांना मुंग्या, थकवा, विसराळूपणा, चिडचिड आणि उदासीही येते. दिवसाची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम, पण ती भाजी-भाकरी-आमटीतून भागत नाही. दूध, दही, अंडी, मासे, मटण हवं. मग गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्या आणि रविवारी तांबडा-पांढरा ओरपणाऱ्या माणसाला ते कमी कसं पडेल?

पडतं, कारण पोटात जाणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं. अन्नातलं बी-१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं. जठरातलं आम्ल ते सुटं करतं, मग जठरातच तयार होणारं एक प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि लहान आतड्याच्या पार शेवटच्या भागात ते रक्तात शिरतं. ॲसिडिटीसाठी वर्षानुवर्षं पॅन्टोप्रॅझोल घेणाऱ्यांचं आम्लच कमी झालेलं असतं. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिननंही हे शोषण घटतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून तूट हळूहळू येते आणि घरचे म्हणतात, "वय झालं आता." याची फार हळहळ वाटते, कारण ही तूट रक्ततपासणीत कळते आणि गोळ्या-इंजेक्शनांनी भरून निघते. मात्र उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते.

तूट नसणाऱ्यांचं काय? अमेरिकेत पन्नाशीपुढच्या १८,३५३ जणांवर पाच वर्षं चाललेल्या चाचणीचे निकाल २०२० आणि २०२१ मध्ये आले. ड जीवनसत्त्वानं नैराश्य टळलं नाही, माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ नंही नाही.

उलट ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक सांगितलेली असताना रोज घेतली, तर रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या होतात, माणूस गोंधळतो, मूत्रपिंडांना इजा होते. अश्वगंधाही "आयुर्वेदिकच आहे, काय होतंय" म्हणून घेऊ नये. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. नैराश्यावरच्या चालू गोळ्या सप्लिमेंटच्या भरवशावर बंद करू नका. बी-१२ ची तपासणी गोळ्या सुरू करण्याआधी करा, नाहीतर आकडा चांगला दिसतो आणि मूळ तूट झाकली जाते. दवाखान्यात जाताना घेत असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, केसांसाठीच्यासुद्धा. त्यांतल्या बायोटिन या जीवनसत्त्वामुळे थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकू शकतात, आणि मंदावलेलं थायरॉइड हेही उदासीचं एक कारण असतं.