छापणाराही जबाबदार होता

परभणीत आमच्या शेजारच्या काकूंच्या मोबाइलवर रोज एक जाहिरात यायची. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, ‘शुगर मुळापासून बंद, गोळ्या कायमच्या सुटतील’. वर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’. नाव-नंबर भरल्यावर दहा मिनिटांत फोन आला, चौथ्या दिवशी पार्सल. काकूंनी सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या सोडल्या. दीड महिन्यानं पायाची जखम चिघळली आणि त्यांना नांदेडला हलवावं लागलं.

जाहिरातीत असा दावा करणं या देशात १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आला तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. आठवडी बाजारात वैदू बसत, बस स्टँडच्या भिंती गुप्तरोगाच्या जाहिरातींनी रंगत. कायद्याच्या यादीत मधुमेह आहे, कर्करोग आहे, लकवाही आहे. महत्त्वाचं म्हणजे बंदी फक्त औषध विकणाऱ्यावर नाही, जाहिरात प्रसिद्ध करण्यात ‘कोणताही भाग घेणाऱ्यावर’ आहे, आणि त्यात छपाईचा उल्लेख स्पष्ट आहे. म्हणजे हँडबिल छापणारा गावातला प्रेसवालासुद्धा पहिल्या गुन्ह्यात सहा महिने आत जाऊ शकतो. हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं यातल्या काही तरतुदी रद्द केल्या, पण अशा जाहिरातींना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कवच नाही, असंही सांगितलं.

मग इंटरनेट आलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ नं मध्यस्थ कंपन्यांना, म्हणजे फेसबुक-गूगलसारख्यांना, संरक्षण दिलं: दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुराची जबाबदारी तुमची नाही. पण त्यातल्या अटी वाचा. मजकूर कोणाला पोहोचवायचा हे कंपनीनं निवडलेलं नसावं, अशी एक अट आहे. पैसे घेऊन दाखवलेल्या जाहिरातीत तर नेमकं तेच घडतं! पन्नाशीपुढच्या, शुगरचे व्हिडिओ पाहणाऱ्या बाईच्या पडद्यावर ती जाहिरात आपोआप उगवत नाही. गूगलच्या जाहिरात-व्यवस्थेबद्दल दिल्ली उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये ट्रेडमार्कच्या प्रकरणात म्हटलं की कंपनी त्यात सक्रिय सहभागी आहे. आरोग्याच्या जाहिरातींना हाच न्याय लावायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, तो प्रसिद्ध करणाऱ्यालाही लागू होतो. मात्र ‘नेहमीच्या व्यवसायात छापली’ हा बचाव त्याला ठेवला आहे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जाहिरातदारांना ‘जाहिरातीत दिशाभूल नाही’ असं स्वयंघोषणापत्र सक्तीचं केलं. ओझं पुन्हा जाहिरातदारावरच.

नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेनं फेसबुकची मालक कंपनी मेटाची अंतर्गत कागदपत्रं उघड केली. २०२४ च्या उत्पन्नातला सुमारे १० टक्के वाटा फसव्या आणि निषिद्ध मालाच्या जाहिरातींतून येईल, असा कंपनीचाच अंदाज त्यात होता. तो ढोबळ आणि वाढीव असल्याचं कंपनीनं म्हटलं. जाहिरातदार फसवणूक करतोय याची यंत्रणेला किमान ९५ टक्के खात्री पटली तरच त्याला बंद करायचं, हा नियमही त्याच कागदांत सापडला.

काकूंच्या मुलानं त्या जाहिरातीची तक्रार केली होती. दोन दिवसांनी उत्तर आलं: ही जाहिरात आमच्या नियमांचं उल्लंघन करत नाही.